नवरात्रातला रस्सा

कलामावशी सकाळी गॅस पेटवायच्या आधी स्वयंपाकघराची खिडकी उघडायची. जुन्या लोखंडी चौकटीची खिडकी, गंजून अडकून बसलेली. मावशी ओट्याला पोट टेकवून दोन्ही हातांनी कडी ओढायची, खिडकी एकदा किंचाळायची, आणि मगच माचिसचा आवाज यायचा. डिसेंबरातल्या नागपुरी थंडीतही यात बदल नसे. मी गोधडीतून ओरडायचे, "लाव ना वं मावशी, गारठून मेले मी."

"शिजवून राहिली वं मी," ती आतून म्हणायची. "चोरी नाई करून राहिली."

कला मेश्राम माझ्या आईची मैत्रीण. दोघींनी नर्सिंगचं शिक्षण एकत्र घेतलं. आई पुढे भंडाऱ्याच्या दवाखान्यात लागली आणि मावशीची सगळी नोकरी नरखेड तालुक्यात गेली, एका उपकेंद्रातून दुसऱ्या उपकेंद्रात, संत्र्यांच्या बगिच्यांमधून चालत. त्या भागातल्या कितीतरी मुलांनी पहिला श्वास तिच्या हातात घेतला. तिनं लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर "टाइम नाई भेटला" एवढंच सांगायची आणि विचारणाऱ्याकडे असं बघायची की पुढचा प्रश्न त्याच्या घशातच राही.

निवृत्त झाल्यावर ती नागपूरला आली आणि मी एम.ए.साठी आले तेव्हा तिच्याकडेच राहिले. धरमपेठेच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावरचं घर होतं, भाड्याचं. मालक मधुकरराव नरखेडकडचे बागायतदार. मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी ते घेतलं होतं. वैभवी आणि रोहित दोघंही पुण्याला निघून गेले आणि घर रिकामं पडलं. मावशी खोली शोधते आहे असं कळल्यावर मधुकरराव स्वतः चावी घेऊन तिच्याकडे गेले. वैभवीच्या जन्माच्या वेळचं बाळंतपण मावशीनं केलं होतं. त्या दिवशी नदीला पूर होता, जीप येऊ शकत नव्हती, आणि बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा होता. मावशीनं दोन बोटांनी तो सोडवला. मधुकरराव ही गोष्ट कुणालाही सांगायचे, सांगताना दोन बोटं वर करून दाखवायचे. त्या दिवसाचा उरलेला भाग मात्र ते सांगत नसत. तो मला बराच नंतर कळला.

आमच्या इमारतीच्या मागे एक मोकळा प्लॉट होता आणि त्यात सावरीचं मोठं झाड होतं. मी यायच्या आधीच्या एका वादळात ते पडलं. महानगरपालिकेच्या माणसांनी फांद्या तोडून नेल्या, खोड जड म्हणून सोडून दिलं. मग लोकांनी तिथे निर्माल्य टाकलं, फुटकं बेसिन टाकलं, नारळाच्या शेंड्या टाकल्या. मावशी मात्र पावसाळा सरत आला की रोज त्या खोडापाशी जायची. अंगठ्यानं लाकूड दाबून बघायची. साल सुटत चालली होती, आतलं लाकूड भिजलेल्या पावासारखं झालं होतं, आणि जिथे साल शिल्लक होती तिथे सावरीचे काटे तसेच्या तसे उभे होते.

"मेली तरी काटे सोडले नाई पाहा हिनं," मावशी कौतुकानं म्हणायची. मग पुन्हा दाबून बघायची. "अजून नाई."

मावशी ज्याची वाट बघत होती ते कोविडनंतरच्या त्या वर्षी आलं. नवरात्र नुकतं बसलं होतं. पाऊस थांबून कडक ऊन पडलं होतं, ऑक्टोबरातल्यासारखं चिडकं ऊन, आणि तिसऱ्या माळेच्या सकाळी मावशीनं मला हाताला धरून मागे नेलं. खोडाच्या सावलीकडच्या बाजूला, सालीच्या फटीतून, अळंबी फुटली होती. एकावर एक, थरांनी, पालथ्या घातलेल्या वाट्यांसारखी. वरून राखाडी, कडेला इतकी पातळ की ऊन आरपार दिसत होतं, आणि खालच्या बाजूला देठापासून निघालेल्या बारीक चुण्या, कुणी नऊवारीच्या निऱ्या करून ठेवाव्यात तशा. आदल्या दिवशी तिथे काही नव्हतं. सडत्या लाकडाला एका रात्रीत एवढं काही सुचावं, याचं मला नवल वाटलं. मी तसं म्हटलं नाही. मावशीला असल्या वाक्यांचा कंटाळा होता.

तिनं नाक जवळ नेऊन वास घेतला, एक छत्री उलटी करून पाहिली, देठ मोडून पाहिला. "हेच टेकोडे," ती म्हणाली. नरखेडकडे विहिरीजवळच्या जुन्या आंब्याच्या ओंडक्यावर असेच यायचे, तिकडच्या बायांनी तिला दाखवले होते. "पण तू एकटी आली अन् काही दिसलं तर हात लावायचा नाई. मले बी हे एकच ओळखू येते. बाकीच्यांच्या वाटेले मी जात नाई."

मोठे मोठे तिनं सुरीनं कापून पदरात घेतले, लहान तसेच ठेवले.

घरी आल्यावर तिनं ते हातानं फाडले, धाग्या-धाग्यांनी. सुरी लावली नाही. कांदा आणि खोबरं आचेवर काळं होईस्तोवर भाजलं, खसखस, दगडफूल, मिरं पाट्यावर वाटलं. सावजी रस्सा करतात तसा रस्सा, काळा, वर लाल तर्री. मी मदत म्हणून पातेल्यावर झाकण ठेवलं. तिनं काही न बोलता ते उचलून बाजूला ठेवलं. खिडकी सकाळपासून उघडीच होती.

भाकरी तव्यावर होती तेव्हा बेल वाजली.

दारात शोभाताई. बरोबर आमच्या वर, पहिल्या मजल्यावर राहायच्या. त्यांचे यजमान मनोहरराव बँकेतून निवृत्त झालेले आणि सोसायटीचे सेक्रेटरी.

"मेश्राम बाई, आमच्याकडे घट बसले आहेत," शोभाताई म्हणाल्या.

"बसू द्या ना."

"वास येऊन राहिला वर."

"कायचा?"

"कायचा ते तुम्हाला माहीत आहे."

"मले माहीत आहे," मावशी म्हणाली. "तुमाले माहीत आहे काय?"

शोभाताईंनी पदर नाकाला लावला. "नवरात्रात मटण शिजवून राहिल्या तुम्ही. अखंड दिवा आहे हो माझ्याकडे. निदान नऊ दिवस तरी..."

मी पुढे झाले. तोंड उघडलं. मावशीनं मागे न बघता कलथा धरलेला हात आडवा केला, दाराच्या चौकटीपर्यंत.

"शोभाताई, तुमच्या दारात येऊन मी कधी इच्यारलं काय, आज साबुदाणा होय का भगर?"

"ते वेगळं."

"काहून वेगळं?"

याचं खरं उत्तर शोभाताईंना दारात उभं राहून बोलण्यासारखं नव्हतं. त्या वर गेल्या. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी धाडकन लागली.

"मावशी, सांगून द्यायचं ना, अळंबी आहे म्हणून," मी म्हटलं. "एका मिनिटात मिटलं असतं."

ती भाकरी फिरवत होती. "आज टेकोडे आहे म्हणून सांगीन. खरंच आहे. उद्या मटण आणीन तवा काय सांगू?"

"नवरात्रात आणू नको."

"माह्या घरी घट नाई." तिनं भाकरी फुगू दिली, उतरवली. "एकदा सांगतलं का मंग रोज सांगा लागते वं. आज कायचा वास, काल कोण आलं होतं, परवा कोण येणार. मी नाई सांगत. अन् तू बी सांगायचं नाई. सांगायचं असंल तर दुसरी खोली पाह्य."

गंमत अशी की दाढा गेल्यापासून मावशीनं मटण सोडलंच होतं. वर्षभरात मी तिला एकदाही खाताना पाहिलं नव्हतं. हेही तिनं कुणाला सांगितलं नाही.

आम्ही जेवायला बसलो. तो रस्सा फार चांगला झाला होता.

दोन दिवसांनी मनोहरराव आले. सभ्य माणूस. खुर्चीच्या कडेवर बसले, पाणी घेतलं नाही.

"सिस्टर, विषय वाढवायचा नाही मला. तुम्ही फक्त एकदा म्हणा, मटण नव्हतं. मी सगळ्यांना समजावतो."

"अन् असलं तर?"

"असलं तर..." त्यांनी चष्मा काढून पुसला. "लोकांच्या भावना असतात. आणि एवढंच नाही ना. दसऱ्याला तुमच्याकडे किती माणसं येतात. जिन्यात चपला, नळावर रांग. कोणी काही बोललं नाही आजपर्यंत."

"म्हणजे बोलायचं होतं."

"मी तसं नाही म्हटलं."

"मले तसंच ऐकू आलं."

मनोहरराव उठले. जाता जाता म्हणाले, "मधुकररावांशी बोललो आहे मी. तुमचा खुलासा आला तर ठीक. नाही तर दसऱ्याच्या आधी जागा रिकामी व्हावी असं सगळ्यांचं म्हणणं आहे."

दसऱ्याच्या आधी. ते गेल्यावर मावशी हॉलच्या मधोमध उभी राहिली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिची माणसं यायची. बहीण, भाचे, सुना, ती ज्या गावांत नर्स होती तिथल्या म्हाताऱ्या बाया. दीक्षाभूमी आमच्या घरून चालत जाण्यासारखी. रस्त्याच्या कडेला, फुटपाथवर, शाळांच्या ओट्यांवर लोक रात्र काढतात, पण कलाबाईकडे जागा आहे, असं तिच्या माणसांना वर्षानुवर्षं माहीत होतं. कोविडची दोन वर्षं तिथला मेळा झाला नव्हता. यंदा होणार होता. फोन येऊन गेले होते. मावशीनं नव्या सतरंज्या आणल्या होत्या, मोठं पातेलं कल्हई करून आणलं होतं. सगळं भिंतीशी लावून ठेवलं होतं, आणि ती त्या ढिगाकडे बघत उभी होती.

मी म्हटलं, "मावशी, दसरा तरी होऊ दे. एक वाक्य आहे फक्त."

"एकच आहे," ती म्हणाली. "म्हणून तर पाहिजे त्याईले."

सातव्या माळेला मधुकरराव आले. नरखेडहून एस.टी.नं, हातात हिरवट संत्र्यांची पिशवी, आणि अनवाणी. नवरात्राचे नऊ दिवस ते चप्पल घालत नसत, आणि घरात अंड्याचं टरफलसुद्धा येऊ देत नसत. मला त्यांचे धुळीनं माखलेले पाय बघून वाईट वाटलं. पण त्या सकाळी खोडावर लहान राहिलेली अळंबी मोठी झाली होती, आणि मधुकरराव येणार हे माहीत असताना मावशीनं पुन्हा तोच रस्सा टाकला होता. खिडकी उघडी. वर शोभाताईंची खिडकी एव्हाना लागून गेली होती. बाहेर पार्किंगमध्ये मनोहररावांनी प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या.

"सिस्टर, मले फोन आला," मधुकरराव म्हणाले.

"माहीत आहे."

"मी त्याईले म्हटलं, सिस्टर तशी बाई नाई."

"कशी नाई?"

मधुकररावांनी संत्र्यांची पिशवी खाली ठेवली. त्यांना चांगलं बोलायचं होतं आणि ते चांगलं झालं नव्हतं, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं.

"एक शब्द सांगा ना सिस्टर. होतं का नव्हतं?"

"नाई सांगत."

"मंग मी बाहेर जाऊन काय सांगू?"

"तेच सांगा. बाई सांगत नाई म्हणा."

"अवं बापा." त्यांनी कपाळाला हात लावला. "बिल्डिंग मोठ्या लोकाईची. माझं ऐकणार काय ते? दसऱ्याच्या आधी खाली करून द्या म्हणते."

"जेवले काय?" मावशीनं विचारलं.

"नाई."

"बसा मंग."

तिनं ताट वाढलं. भाकरी, कांदा, आणि वाटीत तो रस्सा. वाटीत काळ्या रश्श्यात तुकडे तरंगत होते, धागे सुटलेले, तर्रीनं लाल झालेले. बघून काही कळत नव्हतं. वास घेऊनही कळण्यासारखं नव्हतं, म्हणून तर सगळं रामायण झालं होतं.

"खायचं असंल तर खा," मावशी म्हणाली. "नसंल तर राहू द्या. पण इच्यारायचं नाई."

मधुकरराव वाटीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे बघितलं.

"सिस्टर, माझे नऊ दिवस आहेत," ते हळू म्हणाले.

"तेही माहीत आहे." मावशी त्यांच्यासमोर खाली बसली, गुडघ्यावर हात ठेवून. "वैभवी झाली तवा तुमच्या मायनं मले चहा देल्ला होता. आठवते?"

मधुकररावांनी मान हलवली नाही. पण आठवत होतं. ते चेहऱ्यावर दिसलं.

"गोठ्याच्या कोनाड्यातून कप काढला होता. कान तुटलेला. तुमी पाहून राहिले होते. मी इच्यारलं नाई, हा कप वेगळा काहून म्हणून. चहा तसाच ठेवला, पोरीचं वजन केलं अन् पुराच्या पाण्यातून चालत निघून गेली." तिचा आवाज चढला नाही. "तवा मी तुमच्या मायले समजावून सांगतलं काय, का बाई, माहे हात मी साबणानं धुतले आहे म्हणून? धुतलेच होते. पोरगी त्याच हातात होती."

स्वयंपाकघरात नळ टपटपत होता. बाहेरून खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला.

मधुकररावांनी भाकरीचा तुकडा मोडला. रश्श्यात बुडवला. फोडीसकट तोंडात घातला, डोळे मिटून, कडू औषध घ्यावं तसा. चावला. मग चावणं मंद झालं. डोळे उघडले. आणि त्यांच्या चेहऱ्यावर, कानापासून कानापर्यंत, सुटल्याचा आनंद पसरला.

"अरे! हे तर टेकोडे होय सिस्टर! आपल्या आंब्याच्या ओंडक्यावर..." ते हसायलाच लागले. "भैताडच होय मी. टेकोडे!"

"हासून राहिले काहून?"

"नाई, बरं वाटलं."

"काहून बरं वाटलं?"

हसू थांबलं. मधुकरराव घास हातात धरून बसले.

"आता ऐक गा मधुकर," मावशी म्हणाली. आजवर तिनं त्यांना असं एकेरीत हाक मारलेलं मी ऐकलं नव्हतं. "तुले कळलं. मी सांगतलं नाई, तू खाऊन पाह्यलं. ते तुहं झालं. पण बाहेर जाऊन टेकोडे म्हणून सांगशील, तर मी आत्ता चावी देते. सतरंज्या उचलते. माह्या माणसाईले फोन करते, रस्त्यावर झोपा म्हणते. नाई सांगशील, तर राहते. घर तुहं आहे. तू ठरव."

"पण सिस्टर, खरं सांगायले काय हरकत आहे? खरंच तर आहे!"

"खरं आहे म्हणूनच."

मधुकररावांनी हातातला घास तोंडात घातला. मग ताट पुढे केलं. "रस्सा वाढा अजून," ते म्हणाले. पूर्ण जेवले. वाटी बोटानं पुसून घेतली.

मी त्यांच्या मागोमाग बाहेर गेले. पार्किंगमध्ये सात-आठ जण होते. शोभाताई खांबाला टेकून उभ्या.

"काय मग, मधुकरराव?" मनोहररावांनी विचारलं.

"जेवलो."

"जेवलात? काय जेवलात?"

"भाकर. रस्सा."

"कायचा रस्सा?"

मधुकररावांनी अनवाणी पाय एकावर एक घासले. मला वाटलं, आता सांगतील. त्यांच्या ओठांवर तो शब्द आलेला मला दिसत होता. तो एक शब्द म्हणजे त्यांचे नऊ दिवस, गावातलं नाव, बायकोसमोरचं तोंड, सगळं एका फटक्यात धुऊन निघणार होतं.

"झणझणीत होता," ते म्हणाले.

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"अहो, मटण होतं की नव्हतं?"

"नाई सांगत."

"म्हणजे होतं!" शोभाताई म्हणाल्या. "तुमच्या पायात चप्पल नाही मधुकरराव, आणि तुम्ही..."

"म्हणजे नाई सांगत," मधुकरराव म्हणाले. "माणूस घरात काय शिजवते ते पार्किंगमध्ये कायले सांगाव? घर माझ्या नावावर आहे. बाई राहीन. दसऱ्याले तिची माणसं येतीन. तुमाले काही म्हणायचं असंल तर मले म्हणा, माझा फोन चालू राहते."

मग ते गेटबाहेर गेले. मी संत्र्यांची रिकामी पिशवी परत द्यायला धावले. ते रिक्षाची वाट बघत होते, आणि चेहरा उतरला होता.

"बेटा," ते म्हणाले, "मनोहररावचे व्याही आमच्या बाजूच्या गावचे. उद्या सकाळपर्यंत तिकडे कळते, का मधुकरनं सातव्या माळेले मटण खाल्लं. माझी बायको दसऱ्यापर्यंत मले घरात घेईन काय, सांग."

तसंच झालं. त्यांचं जेवण काही दिवस ओसरीवर होतं, असं वैभवीनं नंतर मला फोनवर सांगितलं आणि खूप हसली. बाबांनी खरं काय ते अजून कुणाला सांगितलं नाही, म्हणाली. तुला माहीत आहे का? मी म्हटलं, मी त्या घरात राहते.

मी मावशीला मधुकररावांचं सांगितलं तेव्हा ती लसूण सोलत होती. मला वाटलं होतं, तिला थोडं तरी वाईट वाटेल.

"राहू दे," ती म्हणाली. "ओसरीवर बसून जेवा लागते तवा कसं वाटते, कळू दे थोडे दिवस."

दसऱ्याला तिची माणसं आली. हॉल भरला, स्वयंपाकघर भरलं, मी माझी गादी कपाटाच्या आड ओढली. जिन्यात चपला होत्या, नळावर रांग होती. मावशीनं मोठ्या पातेल्यात वरण केलं. सकाळी सगळे पांढऱ्या कपड्यांत निघाले तेव्हा पहिल्या मजल्याची खिडकी बंद होती. परत जायच्या आधी भाच्यांनी एक काम केलं. मागच्या प्लॉटवर बांधकाम होणार असं ऐकलं होतं, तर त्यांनी कुणाकडून तरी करवत आणली, खोडाचा एक मोठा तुकडा कापला आणि लोटत लोटत आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आणून टाकला. मनोहरराव वरून म्हणाले, हे सोसायटीच्या जागेत आहे. मावशी खालून म्हणाली, सावलीही तुमच्याच बिल्डिंगची आहे, तीही उचलून न्या.

तो तुकडा तिथे राहिला. पुढच्या प्रत्येक उन्हाळ्यात खिडकी उघडली की मावशी आधी एक तांब्या पाणी खाली ओतायची. आश्विनात त्याच्यावर अळंबी यायची, कधी ओंजळभर, कधी त्याहून कमी. खाली आमची खिडकी किंचाळायची, वर त्यांची लागायची. शोभाताईंनी कधी पुन्हा विचारलं नाही. वाटीही कधी मागितली नाही. मावशीनंही कधी पाठवली नाही. जिन्यात भेटल्या की दोघी एकमेकींना "उकाडा आहे ना" म्हणायच्या, थंडीतसुद्धा.

मधुकरराव दर वर्षी संत्री घेऊन यायचे. नवरात्र सोडून. एकदा आल्या आल्या ओट्यावरचा कान तुटलेला कप दिसला, माझ्याच हातून तुटलेला. त्यांनी चहा त्यातच मागितला. मावशीनं तो कप उचलला आणि कचऱ्यात टाकला. "घरात चांगले कप आहे," ती म्हणाली.

मागच्या वर्षी पावसाळ्यात तिचं हृदय थकलं. डॉक्टरांनी जे सांगितलं ते तिनं नर्सच्या कानांनी ऐकलं आणि पुन्हा विचारलं नाही. मी तोवर एका कॉलेजात शिकवायला लागले होते, राहत तिथेच होते. तिची खाट हॉलमध्ये आणली, स्वयंपाकघराचं दार तिला दिसेल अशी. सावरीचा तुकडा आता जवळजवळ माती झाला होता. हातानं दाबला तर खचायचा. काटे मात्र गळून पडले तरी मातीत तसेच टोकदार सापडायचे. दसऱ्याच्या थोडं आधी त्याच्यावर एक घोस आला, लहानसा, तिनं खाटेवरून सांगितलं तशी मी उलटून पाहिला, देठ मोडला, तिच्या नाकाशी नेला. तिनं वास घेतला आणि मान हलवली.

दुपार होती. मी खिडकी ओढली, ती किंचाळली, गॅस पेटवला. वरची खिडकी लागली. कांदा-खोबरं भाजलं, वाटण परतलं, फाडलेले धागे टाकले. मसाल्याचा वास हॉलपर्यंत गेला असावा, कारण खाटेची कुरकुर ऐकू आली, ती कुशीवर वळली होती. संध्याकाळी मी वाटी घेऊन गेले तेव्हा ती उठली नाही. मधल्या वेळात ती काही बोलली नव्हती. म्हणून जे शेवटचं ऐकलं ते दुपारचंच. मी वाफ डोळ्यांत गेली म्हणून झाकण उचललं होतं, ते पातेल्यावर टेकल्याचा आवाज तिला खाटेवर ऐकू गेला.

"झाकण नको ठेवू वं," ती म्हणाली. "पाणी सुटते त्याले."